अनोळखी नजरांसाठी चेहरा

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. सोलापूरच्या स्थानकावरून पंढरपूरला सुटणाऱ्या गाडीत वाहक कुणा बाईकडे ओळखपत्र मागत बसत नाही. तोंडाकडे बघतो आणि मशीनमधून अर्धं तिकीट काढतो. पण जिची हनुवटी रुंद, भुवईवरचं हाड पुढं आलेलं, गळ्याशी कंठमणी स्पष्ट, तिच्यापाशी ती नजर थबकते. मग पुढच्या बाकावरची माणसंही मागं वळतात. चेहऱ्याच्या स्त्रीकरणाची शस्त्रक्रिया कळून घ्यायची तर सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती बाजूला ठेवून या थबकलेल्या नजरेपासून सुरुवात करावी.

वयात येताना टेस्टोस्टेरॉन हाडांवर काम करतं. कपाळाचा खालचा भाग, जबड्याचे कोपरे, हनुवटी, स्वरयंत्राचं कूर्चाकवच, सगळं वाढतं. पुढं पारलिंगी स्त्रीनं इस्ट्रोजेन सुरू केलं तर त्वचा मऊ होते, चरबीची ठेवण बदलते. पण वाढलेलं हाड मागं जात नाही आणि फुटलेला आवाजही परत बारीक होत नाही. साडीखाली काय आहे ते जगाला दिसत नाही, हाड मात्र दिसतं. तरी आपल्याकडे साडीखालच्या शस्त्रक्रियेला उपचार म्हणतात आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेला हौस. मला हा क्रम उलटा वाटतो.

सॅन फ्रान्सिस्कोतले शल्यविशारद डग्लस ओस्टरहाउट यांच्याकडे 1982 मध्ये अशी पहिली विनंती आली. डोकं-चेहऱ्याची हाडं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, पण बाईचं कपाळ नेमकं कसं असतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी जुनी मानववंशशास्त्राची मोजमापं चाळली, शेकडो कवट्या तपासल्या. अडचण अशी की भुवईच्या वर हाडाखाली पोकळी असते आणि तिची पुढची भिंत पातळ असते. नुसतं घासायला गेलं तर भोकच पडेल. मग ती भिंत कापून काढायची, आकार देऊन मागं सरकवून बसवायची आणि टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या-स्क्रूंनी पक्की करायची. जबड्याचं काम तोंडाच्या आतून चालतं. तिथल्या नसेला धक्का बसला तर खालचा ओठ महिनोन्‌महिने, क्वचित कायमचा बधिर राहतो. कंठमणी जास्त तासला तर आवाज बिघडतो. सूज पूर्ण उतरायला कित्येक महिने लागतात. हौसेखातर इतकं सोसणारी माणसं थोडीच असतील.

त्या मोजमापांबद्दल मात्र माझ्या मनात किंतु आहे. कवट्यांच्या सरासरीतून निघालेली ‘बाई’ सोलापूरच्या पूर्व भागात भेटेल का? तिथं विड्या वळणाऱ्या पद्मशाली बायका, बाजारात भाजी विकणाऱ्या धनगर, लिंगायत, मराठा बायका. यांतल्या कितीतरी जणींचा जबडा चांगला भक्कम आहे. त्यांच्या बाईपणावर कुणी बोट ठेवत नाही. चांगल्या शल्यविशारदानं म्हणूनच पुस्तकातल्या कोनापेक्षा समोरच्या माणसाच्या आईचा, मावशीचा चेहरा विचारात घ्यावा.

मराठी माणसाला पुरुषदेहातला स्त्रीचेहरा नवा नाही. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल घरंदाज बायकांनी केली. यल्लम्मा देवीला वाहिलेले जोगते साडी नेसून दारात येतात तेव्हा सोलापुरातली म्हातारी त्यांची ओटी भरते. राजन गवस यांनी ‘भंडारभोग’मध्ये हे जग मांडलं, ‘जोगवा’ चित्रपटानं ते शहरी प्रेक्षकापर्यंत नेलं. पण नाटकगृहात आणि दारात, दोन्हीकडे बघणाऱ्याला समोर कोण आहे ते आधीच माहीत असतं. ठरलेल्या जागेवरचा तो मान असतो. जोगत्याला जोगवा मिळतो, भाड्याची खोली मिळत नाही. तृतीयपंथी डेऱ्यांतल्या जुन्या पिढीनं चिमट्यानं दाढीचा एकेक केस उपटला, जीव धोक्यात घालून निर्वाण, म्हणजे लिंग कापून टाकण्याचा विधी, केला. चेहऱ्याच्या हाडाला हात घालण्याचा मार्गच त्यांच्यापुढं नव्हता.

माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळनं ऑक्टोबर 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट निवडणुकीत सरपंच केलं. गाव त्यांना माऊली म्हणतं. मतदारांनी मत दिलं ते लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला. तिथं जबड्याचा कोन आड आला नाही. हीच व्यक्ती उद्या पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला गेली, तर समोरच्याकडे ओळखीचं काहीच नसेल, फक्त चेहरा असेल. मला वाटतं ही शस्त्रक्रिया अनोळखी माणसांच्या जगासाठी आहे. गाव सोडून शहरात गेलेल्यांना ती जास्त लागते. आणि जिला ती नकोच आहे, तिनं केवळ घरमालकाच्या समाधानासाठी हाड कापून घ्यावं, असंही नाही.

सर्वोच्च न्यायालयानं पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांवरच्या 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा ठरवलं. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा 2019 चा कायदा आला तेव्हा त्यात ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशा प्रमाणपत्रासाठी पुन्हा शस्त्रक्रियेचा दाखला आला. त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमात विम्यासाठी लिंगबदल शस्त्रक्रिया, संप्रेरकं आणि लेसर उपचार यांची नावं घेतली आहेत. म्हणजे चेहऱ्यावरचा केस कायद्याला दिसला. हाडाचं नाव नाही, ते ‘इतर आरोग्यप्रश्नां’त बसवून घ्यायचं. पारलिंगी आरोग्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांच्या 2022 च्या आठव्या आवृत्तीत मात्र चेहऱ्याची शस्त्रक्रिया वैद्यकीय गरजेच्या उपचारांत आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयुष्मान भारतखाली पारलिंगी व्यक्तींना वर्षाला 5 लाखांचं संरक्षण देण्याचा करार झाला.

पैशाइतकाच प्रश्न हातांचा आहे, आणि ते हात आपल्याकडे अगदीच नाहीत असं नव्हे. सोलापूर-पुणे महामार्गावर दुचाकीवरून पडलेल्याचा मोडका जबडा त्याच टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जोडतात. जबड्याचे डॉक्टर, कान-नाक-घशाचे डॉक्टर, वाचा उपचारतज्ज्ञ यांचं प्रशिक्षण सरकारी महाविद्यालयांतूनच होतं. कपाळाची भिंत मागं सरकवणं हे वेगळं कसब आहे, ते शिकावं लागेल आणि मोजक्या मोठ्या केंद्रांतच व्हावं. लेसर आणि आवाजाचे उपचार मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी आधी सुरू करता येतील. पुष्कळ जणींना तेवढंच पुरेल. मोठी शस्त्रक्रिया हवी असेल तिला ओठ बधिर राहण्याची शक्यता मराठीत, सावकाश, घाई न करता सांगितली पाहिजे. सोलापुरात तेलुगू आणि कन्नडमध्येही.