पुरेसे म्हणजे किती?

तुटपुंज्या पैशांत गेमिंगचा पीसी असेंबल करायला निघालेल्या मुलाची अडचण पैशांची दिसते, पण तिच्या मुळाशी धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न आहे: पुरेसे म्हणजे किती? जुन्नरच्या डोंगरांत याची दोन उत्तरे दगडात कोरलेली सापडतात. नाणेघाटातल्या लेखात सातवाहन राणी नागनिकेच्या काळच्या यज्ञांची दक्षिणा नोंदली आहे. गायी आणि कार्षापण नाणी हजारांच्या आकड्यांत. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्रीच्या बौद्ध लेण्यांतले दानलेख त्यामानाने अगदी लहान. कुणी पाण्याचे टाके दिले, एका यवनाने भोजनमंडप दिला. तिथे राहणाऱ्या भिक्षूच्या वस्तूही ठरलेल्या: तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचे फडके. यज्ञाच्या दक्षिणेला वरची मर्यादा नाही, कारण वैभव किती दिसले म्हणजे पुरे, हे कधी ठरत नाही. टाक्याला मर्यादा आहे. तिथे किती जण पाणी पिणार हे ठाऊक असते. माझे म्हणणे एवढेच की रिकाम्या खिशाने हात थांबतो, हाव थांबत नाही. ती थांबते वस्तूचे काम नेमके ठरल्यावर.

याचा आधुनिक पुरावाही याच जुन्नर तालुक्यात, खोडदला उभा आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वारा पेलण्यासाठीच लोखंडाचा डोंगर लागला असता. ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप यांनी आधी विचारले की पकडायच्या लहरी केवढ्या आहेत? त्या मीटरभराच्या आसपासच्या, म्हणजे बारीक तारेची जाळीही त्यांना आरशासारखीच. मग जाळीची भोके मध्यभागी 10 मिलिमीटरची, पुढे 15 आणि कडेला 20 मिलिमीटरची ठेवली. वारा आरपार जातो, सांगाडा हलका होतो, खर्च उतरतो. याला कंजूषपणा म्हणता येणार नाही, कारण जिथे अचूकता हवी तिथे ती पुरेपूर आहे. पीसीचे गणितही असेच चालते. मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठच चित्रे दाखवणार. शंभर चित्रे काढणाऱ्या महागड्या ग्राफिक्स कार्डाची उरलेली मेहनत बव्हंशी डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. उलट पॉवर सप्लायमध्ये वाचवलेले पैसे एखाद्या दिवशी मदरबोर्डासकट जळतात. कुठे सोडायचे आणि कुठे मुळीच सोडायचे नाही, हे कोणता खेळ, कोणता पडदा हे ठरल्याशिवाय कळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मुळात कामच फुटकळ आहे; खेळासाठी पुरेसे म्हणजे शून्य. याला सोपे उत्तर खोडदलाच मिळते. खेळांच्या बाजारपेठेवर वाढलेले ग्राफिक्स प्रोसेसर आज त्याच दुर्बिणीच्या संकेतांचे गणित करतात. पण हे उत्तर मला घ्यायचे नाही. उद्या विज्ञानाला उपयोग होईल म्हणून आज खेळाला माफी, असे म्हटले की खेळ आरोपीच राहतो. ज्या परंपरेत सृष्टीलाच देवाची लीला मानले, तिने निर्हेतुक आनंदाला कमी लेखावे हे विचित्र आहे. आंबेगाव तालुक्यात थापलिंगच्या खंडोबाच्या यात्रेत बैलगाडा पळतो तेव्हा त्याचा उपयोग कुणी विचारत नाही. देवापुढे खेळ ही सेवाच असते. (बैलाला वेदना होतात, म्हणून न्यायालयाने त्या शर्यती काही वर्षे बंद ठेवल्या होत्या; कार्डाला होत नाहीत, तेवढी तुलना अपुरी.) खेळ अनमोल असू शकतो, पण त्याच्या साधनाला मोजमाप असतेच.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ‘पुरेसे’ हा शब्द नेहमी ज्याच्याकडे आहे तोच नसलेल्याला ऐकवतो. डिंभे धरणात ज्यांचे आंबेगाव गावच बुडाले त्यांना संतोषाचे प्रवचन देणे हा अधर्म आहे, आणि ज्या घरात एकही संगणक नाही तिथल्या मुलाला मर्यादा शिकवण्याचा अधिकार कुणालाच नाही. म्हणूनच हे माप बाहेरून लादता येत नाही. भिक्षूने दीक्षा स्वतः घेतलेली असते. आणि ते कायमचे गोठतही नाही. जीएमआरटीची एका वेळी टिपता येणारी पट्टी 32 मेगाहर्ट्झवरून 400 मेगाहर्ट्झपर्यंत नेली, कारण आकाशाला विचारायचे प्रश्न बदलले. तबकड्या मात्र त्याच राहिल्या. कार्ड बदलायला निघालेल्याचा खेळ बदलला आहे की फक्त शेजाऱ्याचा पीसी, हे दुकानदाराला कळणार नाही, बापालाही नाही. ते ज्याचे त्यालाच माहीत असते, आणि बहुतेक वेळा बिल फाडण्याआधीच माहीत असते.