जीर्ण न होणारी थैली

शास्त्रवाचन : लूक १२:१३-३४, याकोब २:१-९



आपल्या आज्या कमरेला चंची खोवीत. पानसुपारीबरोबर तिच्यात चार नाणी मावत, आणि तेवढ्यावर बाजारहाट होई. आता मात्र पैशाहून थैलीच महाग झाली आहे. पॅरिसच्या हर्मेस या पेढीने १८३७ साली घोड्यांचा साज बनविण्यास आरंभ केला. तिनेच १९८४ साली जेन बर्किन या अभिनेत्रीसाठी चामड्याची एक पर्स घडविली. तशा पर्सा आज लाखो रुपयांना जातात. हौशी लोक त्या जमवितात, मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवतात. आणि पारखी शिवण, चामडे व ठसा पाहून खरीखोटी ठरवितात.

कारागिरीला आपण नावे ठेवू नयेत. निवासमंडपासाठी बसालेलास कौशल्य देणारा देवच होता. ही पर्स दोन सुयांनी हाताने शिवतात. एक धागा तुटला तरी दुसरा धरून राहतो. असे प्रामाणिक काम देवास प्रिय आहे. दोष कारागिराच्या हातात नाही, आपल्या डोळ्यांत आहे. पर्सेची पारख करता करता ती धरणाऱ्या माणसाचीही पारख आपण त्याच मापाने करू लागतो.

याकोब याच पापाविषयी बजावतो. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातली साधी कापडी पिशवी घेऊन एखादी बहीण रविवारी उपासनेस आली, आणि तिच्यामागून भारी पर्सवाली पाहुणी आली, तर आपण कोणासाठी बाकावर सरकून बसू? हा प्रश्न लहान नाही. या नजरेच्या भयाने कोणी कर्ज काढते, कोणी नकली ठसा मिरविते. आणि जिला दोन्ही जमत नाही, ती हळूहळू यायचीच थांबते. आपल्या नजरेमुळे एक जीव प्रभूच्या मेजापासून दुरावला, तर त्याचा जाब आपणास द्यावा लागेल.

हाग्गय संदेष्टा भोके पडलेल्या थैलीविषयी बोलला. डिचोलीकरांस त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. खनिजाच्या पैशावर येथे घरे उभी राहिली. पण २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा कर्जाने घेतलेले ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते मात्र चालूच राहिले.

मग जीर्ण न होणारी थैली कोणती? ती दानधर्माने शिवली जाते, असे प्रभू शिकवितो. बर्किनबाईंनी आपली मूळ पर्स कपाटात जपली नाही. रोज वापरून ती झिजली, आणि १९९४ साली एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी त्यांनी ती देऊन टाकली. जुलै २०२५ मध्ये तीच झिजलेली पर्स पॅरिसच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. जगाने त्या किमतीचे नवल केले. परंतु त्या चामड्याला एक दिवस कसर लागेल. पीडितांसाठी जे दिले गेले त्याला लागणार नाही.

येत्या रविवारी अर्पणाची थैली आपल्यापुढे फिरेल. तिच्यावर कोणत्याही पेढीचा ठसा नाही. विधवेच्या दोन टोल्या ओळखणारा पारखी आजही भांडारासमोर बसला आहे. तो शिवण पाहत नाही, अंतःकरण पाहतो.

प्रार्थना : हे प्रभो, आमचे डोळे शुद्ध कर. तुझ्या घरात जो रिकाम्या हाताने येतो, त्याला आमच्याजवळ जागा मिळो. आमेन.