गाडी थांबते कशावर?

कॅनडात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला हिवाळा जवळ आला की मित्रमंडळींचे सल्ले सुरू होतात. सगळ्यांचा सूर एकच: मोठी एसयूव्ही घ्या, ऑल-व्हील ड्राइव्ह घ्या, बर्फात दुसरं काही चालत नाही. मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनकडे हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की घरभाडं, मुलांचा खर्च आणि गाडीच्या विम्याचा घसघशीत हप्ता भरून मेटाकुटीला आलेला माणूसही ऐपतीबाहेरचं कर्ज काढायला तयार होतो. सल्ला आपुलकीचाच असतो. फक्त त्यात गाडी निघते कशी याचा विचार असतो, थांबते कशी याचा नसतो.

ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते. घरासमोर फूटभर बर्फ साचलाय किंवा चढावर गाडी उभी आहे, अशा वेळी ही सोय खरोखर उपयोगी पडते. ब्रेक मात्र प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात. जुन्या कोरोलालाही आणि कोऱ्या करकरीत एसयूव्हीलाही. ब्रेकवर पाय पडला की इंजिन कुणाला किती ताकद देतं या प्रश्नाला अर्थ उरत नाही. मग सगळी मदार असते ती टायर जिथे रस्त्याला टेकतो त्या चार जागांवर, आणि त्या जागा जेमतेम तळहाताएवढ्या असतात. वजनदार गाडी रस्ता घट्ट धरते, अशीही एक समजूत आहे. वजनाने पकड वाढते हे खरं, पण थांबवायचा भारही तेवढाच वाढतो, म्हणजे हिशेब जिथल्या तिथेच. उलट चारही चाकांना ताकद देणारी गाडी इतकी अलगद निघते की रस्ता निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही. कळतं ते पहिल्या लाल सिग्नलला.

म्हणून खरा प्रश्न टायरचा. आपल्याकडे टायर गोटा झाला की घसरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे नक्षी शाबूत असलेला टायरही घसरतो, कारण घोळ नक्षीपुरता नसून रबराचा असतो. गाडीबरोबर येणाऱ्या ऑल-सीझन टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतं. विंटर टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं, ते कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं. नोव्हेंबरातल्या गार सकाळी टायरवाल्याच्या शेडमध्ये दोन्ही टायर शेजारी ठेवून अंगठ्याने दाबून पाहावेत. फरक हाताला लागतो. विंटर टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. चाक टेकताना त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह असतं. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असेल तर भुलू नये. ती अक्षरं बर्फावरच्या चाचणीची ग्वाही देत नाहीत.

सरकारांनीही हे ओळखलंय. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. ऑल-व्हील ड्राइव्हची सक्ती तिथला कायदा करत नाही. ऑन्टॅरिओत टायरची सक्ती नाही, पण २०१६ पासून विंटर टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने सवलत द्यावीच लागते.

एवढं मनाशी पक्कं झालं की खरेदीचा क्रमच उलटा होतो. आधी चार विंटर टायरचे पैसे बाजूला काढायचे, उरतील त्यात गाडी बसवायची. चारच, पुढे दोन लावून भागवलं तर वळणावर मागची बाजू फिरते. गाडी बघायला गेलात की ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं स्टिकर वाचा. तिथे १९५/६५ आर१५ असं काही असेल तर बरं, कारण १५ इंची टायर स्वस्तात मिळतात. २० इंची चाकं मिरवणाऱ्या एसयूव्हीला टायर घ्यायला गेलं की डोळे पांढरे होतात. विंटर टायर साध्या काळ्या स्टीलच्या रिमवर कायमचे चढवून घेतले की दरवर्षी रबर काढा-घालायची मजुरी वाचते. शिवाय हिवाळाभर उन्हाळी संच विश्रांती घेतो, त्यामुळे हा खर्च वाटतो तितका दुप्पट नसतो.

मग गाडी कोणती? १ सप्टेंबर २०११ नंतर बनलेली कॅनडातली प्रत्येक नवी गाडी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलसह येते. गाडी आडवी जायला लागली की ही यंत्रणा नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करते; माणसाच्या पायाला ते जमणारं नाही. तेव्हा चौघांच्या कुटुंबाला त्यानंतरची कोरोला, सिव्हिक किंवा माझ्दा ३ पुरते. आजी-आजोबा येऊन राहणार असतील तर जुनी डॉज ग्रँड कॅरॅव्हॅन. दिसायला अगदीच डबा, पण सात माणसं नेते. बर्फ न काढल्या जाणाऱ्या खेड्यातल्या रस्त्यावर घर असेल तर ऑल-व्हील ड्राइव्ह आणि थोडी उंच गाडी जरूर घ्या, विंटर टायरसकट.

वापरलेली गाडी वरून कितीही चकचकीत असो, खाली वाकून पाहिल्याशिवाय घेऊ नये. रस्त्यावर टाकलेलं मीठ तळ खातं. दाराखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी आणि ब्रेकच्या नळ्या गॅरेजवाल्याकडून लिफ्टवर चढवून तपासून घ्या. विनिपेग, सॅस्कटूनकडे राहायचं असेल तर पुढच्या जाळीतून लोंबणारी विजेची पिन आहे का बघा. ती इंजिन रात्रभर गरम ठेवणाऱ्या हीटरची असते.

मुलांच्या सीटच्या पट्ट्याबाबतही वरवर दिसण्यावर जाऊ नये. फुगीर जॅकेट घालून पट्टा आवळला तर तो घट्ट भासतो, पण धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढायचं, पट्टा बांधायचा, वरून पांघरूण घालायचं.

आणि गाडी घरी आली की पहिल्या बर्फानंतर एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये, मालकाची हरकत नसेल तर, हळू वेगात जोरात ब्रेक दाबून बघा. पायाखाली पेडल घरघरतं, थरथरतं. ते एबीएसचं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकयंत्रणेचं, काम चालू असल्याचं लक्षण आहे. घाबरून पाय उचलू नका, दाबूनच धरा.