पाहुण्यासाठी वेगळे भांडे



ख्रिस्ताच्या परमपवित्र शरीराचा व रक्ताचा सोहळा आज आपण साजरा करीत आहोत. प्रभूने आपली आठवण म्हणून मागे ठेवली ती एक जेवणाची पंगत, आणि त्या पंगतीत तो स्वतःच आपली भाकर झाला. परंतु ज्याला गव्हाची भाकरच बाधते त्याने या पंगतीला कसे बसावे? आणि मिस्सानंतर तोच भाऊ किंवा तीच बहीण आपल्या घरी जेवायला आली, तर आपण त्यांच्या ताटात काय वाढावे? या दोन प्रश्नांचा आज आपण एकत्र विचार करू या.

गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो त्याच्यामुळे. सिलियाक हा आजार असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेले की त्याच्याच शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. जुलाब, पोटफुगी, अशक्तपणा, रक्त कमी होणे, लहान मुलांची वाढ खुंटणे असे त्याचे परिणाम होतात. काहींना तर वरवर काहीच जाणवत नाही, पण आत इजा होतच असते. विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० साली आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, आहारातून गहू काढला की ही मुले सुधारतात. आजही या आजारावर दुसरा उपाय नाही. जन्मभर पथ्य, तेही काटेकोर, हेच औषध. उत्तर भारतात, जिथे रोजचे जेवण गव्हाचे, तिथे हा आजार अधिक दिसतो. पण मुंबईत साऱ्या देशाची माणसे राहतात, आणि आपली स्वतःची न्याहारीही पावाचीच असते. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारी येणार नाही असे समजू नये.

ख्रिस्तसभेने या भावंडांचा विसर पडू दिलेला नाही. मिस्साची भाकर गव्हाचीच असली पाहिजे, हा नियम आहे. कारण प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी जे केले तेच आपण करतो. म्हणून तांदळाची किंवा ग्लुटेन पूर्णपणे काढून टाकलेली भाकर मिस्साला चालत नाही. मात्र २४ जुलै २००३ च्या पत्रात रोमने स्पष्ट केले की, अगदी कमी ग्लुटेन असलेली गव्हाची भाकर बिशपांच्या परवानगीने वापरता येते, आणि ज्याला तीही सोसत नाही त्याने केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घ्यावा. त्या पत्रावर कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, म्हणजे पुढील काळातील पोप बेनेडिक्ट सोळावे, यांची सही होती. पुढे १५ जून २०१७ रोजी, नेमक्या याच सोहळ्याच्या दिवशी, रोमने सर्व बिशपांना या नियमांची पुन्हा आठवण करून दिली. कोणत्याही एका रूपात ख्रिस्त पूर्ण असतो, अशी आपली श्रद्धा आहे. तेव्हा केवळ प्याल्यातून घेणाऱ्याला काहीही कमी मिळत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. मिस्सामध्ये धर्मगुरू पवित्र भाकरीचा एक लहानसा तुकडा प्याल्यात टाकतात. ज्याला तेवढेही चालत नाही त्याच्यासाठी तुकडा न टाकलेला दुसरा प्याला असावा लागतो. कमी ग्लुटेनची भाकरही इतर भाकरींत न मिसळता वेगळ्या डबीत ठेवावी लागते. म्हणजे प्रत्यक्ष वेदीवरही एका भावासाठी वेगळे भांडे ठेवले जाते.

'वेगळे भांडे' हे शब्द आपल्या देशात कानाला बरे लागत नाहीत. वेगळा कप, वेगळी ताटली, लांबून ओतलेले पाणी ही आपल्याकडे माणसाला हीन लेखण्याची जुनी रीत होती. सार्वजनिक तळ्यातले ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला. घटनेने अस्पृश्यता नष्ट केली, तरी ती खूण अनेकांच्या मनावर आहे. म्हणूनच पाहुण्यासाठी निराळे पातेले काढताना यजमानाला संकोच वाटतो आणि मागताना पाहुण्याला त्याहून अधिक. पण दोन्हींत फरक आहे. तिथे वेगळे भांडे ठेवणारा स्वतःला जपत होता. इथे तो पाहुण्याला जपतो. तिथे त्रास समोरच्याला होता. इथे तो आपण आपल्या अंगावर घेतो. म्हणून ते भांडे लपवू नये, आणि त्याचा गवगवाही करू नये.

दुसरी अडचण आपल्या आग्रहाची. आग्रह केल्यावाचून आपले आदरातिथ्य पूर्ण होत नाही. थोडेसे खाल्ले तर काय होते, आमच्या समाधानासाठी एक घास तरी घ्या, असे आपण प्रेमाने म्हणतो. या पाहुण्याला मात्र तो एक घासही अपाय करतो. याईराच्या मुलीला उठविल्यावर प्रभूने तिला काहीतरी खायला द्या असे सांगितले, हे संत मार्क आवर्जून नोंदवतात. तिला कशाची गरज आहे हे प्रभूने पाहिले. करिंथच्या मंडळीत काही जण पोटभर जेवत आणि काही उपाशी राहत, तेव्हा संत पौलाने त्यांची कानउघाडणी केली व एकमेकांसाठी थांबण्यास सांगितले. भरल्या घरात एकजण नुसता पाण्याचा ग्लास हाती धरून बसला असेल, तर ती पंगत अजून प्रभूची झालेली नाही.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकघरात काय करावे ते पाहू.

१. आधी विचारावे. बोलावतानाच फोनवर विचारून घ्यावे की काय चालते, काय नाही. पथ्य त्यालाच सर्वांत चांगले ठाऊक असते.

२. लपलेला गहू ओळखावा. चपाती, पाव, फुगे, नेवऱ्या, कुलकुल सगळ्यांना दिसतात. पण आपल्या ईस्ट इंडियन बाटली मसाल्यात मिरच्यांबरोबर भाजलेले गहू कुटण्याची पद्धत आहे, हे घरच्यांच्याही ध्यानात राहत नाही. डबीतल्या हिंगात बहुधा पीठ मिसळलेले असते. तळलेल्या मासळीला रवा, कटलेटला पावाचा चुरा, सोया सॉसमध्ये गहू, बिअरमध्ये बार्ली. पाकिटावरची माहिती वाचावी. आपल्या देशातील नियमानुसार 'ग्लुटेन-फ्री' पदार्थात एका किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये.

३. गिरणीचे दळण टाळावे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी मुळात निर्धोक. परंतु ज्या चक्कीत आधी गहू दळला तिच्यातून आलेल्या पिठात गहू मिसळलेला असतो. तांदूळ धुऊन, वाळवून घरच्या स्वच्छ मिक्सरमध्ये दळावेत किंवा तसे छापलेले पाकीट आणावे.

४. त्याचे जेवण सर्वांत आधी रांधावे. आपल्यापैकी अनेकांची घरे एका खोलीची, शेगडी एकच. म्हणून ओटा पुसून त्याचे जेवण प्रथम करावे, झाकून वर ठेवावे, आणि मगच कणकेचा डबा उघडावा. पिठाची धूळ उडून उघड्या भांड्यात बसते.

५. भांडी नीट निवडावीत. घासलेले स्टीलचे पातेले चालते. लाकडी पोळपाट-लाटणे, लाकडी चमचा, पिठाची चाळणी आणि रोजचा चपातीचा तवा वापरू नये. फुगे किंवा पुऱ्या तळलेले तेल पुन्हा घेऊ नये. ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे. ते उकळून किंवा तळून मरत नाही.

६. वाढताना त्याला आधी वाढावे, त्याच्या भांड्यात त्याचाच डाव ठेवावा. आणि एखाद्या पदार्थाविषयी शंका असेल तर स्पष्ट सांगावे की हा तुम्ही घेऊ नका. त्याने स्वतःचा डबा आणला तर राग मानू नये.

यासाठी खर्चिक वस्तू आणाव्या लागत नाहीत. आपल्या पूर्वजांचे धान्य भातच होते. आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात त्या उगीच नव्हे. भात, घरी वाटलेल्या नारळ-मिरचीचे मासळीचे कालवण, तांदळाची भाकरी, सान्ना, शेवटी दोदोल. या जेवणाला सगळे घर एकत्र बसू शकते, आणि एकट्या पाहुण्याचे ताट निराळे दिसत नाही.

ज्यांना स्वतःविषयी किंवा मुलांविषयी शंका येत असेल त्यांनी मनाने गहू बंद करू नये. आधी डॉक्टरांकडे जावे. कारण गहू सोडल्यावर तपासणीत आजार सापडत नाही. आणि ज्यांना ख्रिस्तप्रसाद घेताना ही अडचण आहे त्यांनी मागच्या बाकावर गप्प बसून राहू नये, मिस्सापूर्वी फादरांना भेटावे.

आपल्या धर्मग्रामाचे आश्रयदाते संत अंतोनी यांचा सण १३ जूनला येतो. त्यांच्या नावाने गरिबांना भाकर देण्याची रीत जगभर आहे. ज्याला भाकर चालत नाही त्याला चालेल ते देणे, ही त्याच रीतीतील सेवा होय.

हे प्रभू येशू, तू आम्हांला तुझ्या मेजावर बोलावतोस आणि प्रत्येकाला त्याच्या नावाने ओळखतोस. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाची भूक आणि पथ्य जाणण्याचे प्रेम आम्हांला दे. आमच्या पंगतीतून कोणीही उपाशी उठू नये आणि आमच्या हातचे खाऊन कोणी आजारी पडू नये. आमेन.