मर्फीचे प्लास्टर आणि वाचकाची सहा वर्षे

ज्या अद्भुतकथेची भूमी एखादे काल्पनिक राज्य नसून लोकलगाड्यांचे, पोलीस ठाण्यांचे आणि थकलेल्या घरभाड्याचे आजचे शहर असते, तिला इंग्रजी प्रकाशनव्यवसायात 'अर्बन फँटसी' म्हणतात. मराठीत तिला नागर अद्भुतकथा म्हणायला हरकत नाही. एमा बुल यांनी १९८७ मध्ये 'वॉर फॉर द ओक्स' या कादंबरीत अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात परीलोकाचे युद्ध उतरवले, त्याच्या आगेमागे हा प्रकार आकाराला येत होता. परंतु त्याला दीर्घ मालिकेचे रूप आणि त्याबरोबर येणारा, वर्षानुवर्षे हिशेब ठेवणारा वाचक लाभला तो पुढच्या दीड-दोन दशकांत. या वाचकाचे मालिकेवरचे प्रेम आणि मालिकेविषयीची कुरकुर ही दोन्ही एकाच तोंडून, बहुधा एकाच वाक्यात बाहेर पडतात, आणि या दुहेरी भावनेची तपासणी करायची तर जिम बुचर यांची 'द ड्रेस्डेन फाइल्स' ही मालिका सर्वांत सोयीची आहे, कारण तिच्यात हा गुंता अगदी उघड्यावर पडलेला दिसतो.

एप्रिल २००० मध्ये 'स्टॉर्म फ्रंट' या कादंबरीने तिची सुरुवात झाली. हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोतला मांत्रिक. टेलिफोन डिरेक्टरीच्या पिवळ्या पानांत त्याने 'मांत्रिक' या शीर्षकाखाली आपले नाव छापले आहे आणि हरवलेल्या वस्तू शोधण्यापासून पोलिसांना सल्ला देण्यापर्यंतची कामे तो पैसे घेऊन करतो. त्याच्या जवळपास आधुनिक यंत्रे टिकत नाहीत, म्हणून त्याच्या तळघरातल्या घरात विजेचे दिवे नाहीत आणि शिकागोच्या हिवाळ्यातही तो थंड पाण्याने अंघोळ करतो. जादूच्या सामर्थ्याची किंमत कथेत मोजावी लागते हे तत्त्व अनेक लेखकांनी गंभीर चेहऱ्याने मांडले असेल, पण ते न्हाणीघरापर्यंत नेण्याची बुद्धी बुचर यांची, आणि वाचक त्यांच्यावर लुब्ध झाला तो अशा तपशिलांमुळे.

या कथाप्रकाराला दोन कुळांचा वारसा आहे. एक कूळ रेमंड चँडलर यांच्या परंपरेतल्या खासगी गुप्तहेराच्या कथेचे: फाटका, तिरकस बोलणारा, मार खाऊनही न वाकणारा नायक स्वतःच आपली गोष्ट सांगतो, प्रकरण मिटते आणि दुसऱ्या दिवशी त्याचे कार्यालय पुन्हा उघडते. दुसरे कूळ महाकाव्यात्म अद्भुतकथेचे, जिच्यात जगावर अरिष्ट येते आणि ते टळले तरी जग पूर्वीसारखे राहत नाही. पहिले कूळ वाचकाला वचन देते की सगळे पुन्हा जागच्या जागी येईल. दुसरे वचन देते की काहीही जागच्या जागी राहणार नाही. चार-पाच पुस्तकांपर्यंत ही दोन्ही वचने एका घरात सुखाने नांदतात, पण पंधराव्या पुस्तकाच्या आसपास लेखकाला त्यांतले एक मोडावेच लागते, आणि तो कोणतेही मोडो, ज्या वाचकाने दोन्हींवर विश्वास ठेवला होता त्याची फसवणूक झालेली असते. चाहत्यांच्या संमिश्र भावनेचे मूळ इथे आहे. 'मालिका घसरली' हे त्या भावनेचे नेहमीचे, आणि बरेचसे आळशी, स्पष्टीकरण आहे; कारण पहिली दोन पुस्तके कशीबशी ओलांड, खरी मजा पुढे आहे, असा सल्ला नव्या वाचकाला देणारे तेच जुने चाहते असतात, आणि ज्या काळाची ते पुढे हळहळून आठवण काढतात त्याच काळातली ही पुस्तके असतात.

वचनभंगाचा क्षण या मालिकेत नेमका दाखवता येतो. तिच्या पुस्तकांची नावे ठरावीक साच्यातली आहेत: दोन इंग्रजी शब्द, दोन्हींची अक्षरसंख्या सारखी आणि बहुतेक वेळा त्यांत एखादा श्लेष. २०१० मधल्या बाराव्या कादंबरीचे नाव मात्र एकाच शब्दाचे, 'चेंजेस', म्हणजे बदल. या एका पुस्तकात नायकाचे तळघरातले घर जळते, त्याची निळी जुनाट फोक्सवॅगन मोटार चिरडली जाते, आपल्याला एक मुलगी आहे हे त्याला कळते, तिला वाचवण्यासाठी तिच्या आईचा बळी त्याला स्वतःच्या हाताने द्यावा लागतो आणि शेवटच्या पानांवर त्यालाच गोळी लागते. अनेक चाहते याच कादंबरीला मालिकेचा कळस मानतात, आणि 'इथपासून ती मालिका राहिली नाही' असे म्हणणारेही याच कादंबरीकडे बोट दाखवतात. दोघांचेही बरोबर आहे. थंड पाण्याच्या अंघोळीसकट ते घर ही पहिल्या वचनाची निशाणी होती. ते जाळल्यावाचून दुसरे वचन पाळता येत नव्हते. वीस-बावीस प्रकरणे आणि अखेरीस प्रलयाची तीन पुस्तके असा मालिकेचा आराखडा लेखकाने फार पूर्वीच सांगून ठेवला असल्यामुळे त्याने अचानक वाट बदलली असेही म्हणता येत नाही. वाचकाला मुक्काम ठाऊक होता. मधल्या धर्मशाळेत त्याचा जीव रमला, एवढेच.

दुसरी गुंतागुंत काळाची आहे. ड्रेस्डेनच्या जगात प्रारंभीच्या टप्प्यात दोन पुस्तकांमध्ये साधारण वर्षभराचे अंतर असे आणि पुस्तकही जवळपास दरवर्षी येई, त्यामुळे नायकाचे आणि वाचकाचे वय बरोबरीने वाढत होते. विशीत वाचायला लागलेला वाचक नायकाबरोबर पस्तिशीला पोचत होता. मग २०१४ मध्ये 'स्किन गेम' आली, तिच्यात कॅरिन मर्फी जबर जखमी झाली, आणि पुढची कादंबरी 'पीस टॉक्स' यायला जुलै २०२० उजाडला. मर्फी ही शिकागो पोलीस दलातल्या विचित्र प्रकरणांच्या विभागाची एकेकाळची प्रमुख, उंचीने जेमतेम पाच फूट, आणि पहिल्या पुस्तकापासून नायकाची सहकारी, भांडणारी मैत्रीण आणि पुढे प्रेयसी. सहा वर्षांनी वाचक तिला पुन्हा भेटतो तेव्हा तिचे प्लास्टर अजून निघालेले नाही. मधल्या काळात वाचकाच्या घरी पाळणा हलला असेल, नोकरी बदलली असेल, कुणाचा संसार मोडला असेल. मर्फी मात्र तोच हात आणि तोच पाय जपत बसलेली आहे. कथेच्या तर्काने यात काहीच चूक नाही. तरीही लंगडत चालणाऱ्या मर्फीकडे पाहताना वाचकाला आपण तिच्याहून पुढे निघून गेल्याची जी चोरटी अपराधी भावना होते, तीच पुढे पुस्तकावरच्या चिडीचे रूप घेते.

त्यात 'पीस टॉक्स' हे अर्धेच पुस्तक निघाले. मूळची एक कादंबरी वाढत गेल्याने तिचे दोन भाग करण्यात आले आणि दुसरा भाग 'बॅटल ग्राउंड' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. सहा वर्षे थांबलेल्या वाचकाला पहिल्या भागात मांडामांड मिळाली आणि दुसऱ्यात सलग लढाई. त्या लढाईत मर्फी एका महाकाय दैत्याला खांद्यावरच्या रॉकेटने लोळवते आणि लगेचच रूडॉल्फ नावाच्या घाबरट पोलीस अधिकाऱ्याच्या बंदुकीतून चुकून सुटलेल्या गोळीने मरते. चाहत्यांच्या वादांत या मृत्यूइतकी जुंपली असेल ती क्वचितच. दैत्याशी लढताना मरण आले असते तर ते वीरमरण ठरले असते, असे एक बाजू म्हणते. घोड्यावर बोट ठेवून फिरणाऱ्या मूर्खाकडून मरण येणे हेच खऱ्या शहरातले मरण आहे, असे दुसरी. साहित्य म्हणून पाहता दुसरी बाजू वरचढ वाटते. पण त्याच कादंबरीच्या अखेरीस शोक पुरता सुरू होण्याआधीच नायकाचा राजकीय विवाह दुसऱ्या स्त्रीशी ठरवला जातो, तेव्हा पहिल्या बाजूचा संताप समजण्यासारखा होतो. मेलेल्या पात्राला त्याच्या वाट्याची पाने मिळाली नाहीत, ही तक्रार भाबडी म्हणून झटकण्याजोगी नाही. वीस वर्षे जोपासलेल्या माणसाचे सुतक किती दिवस पाळायचे, हा रचनेचाच प्रश्न आहे.

लेखकाने या मृत्यूला एक विलक्षण पुस्ती जोडली आहे. नॉर्स पुराणांप्रमाणे रणात पडलेले वीर ओडिन देवाच्या सैन्यात भरती होतात. मर्फीही तिथे जाते, परंतु तिची आठवण असणारी माणसे आहेत तोवर तिला मर्त्य जगात परतता येणार नाही, असा नियम आहे. हा नियम कथेतल्या पात्रांसाठी आहे हे उघड असले, तरी तो वाचताना पहिल्या पुस्तकापासूनच्या चाहत्याला टोचावा यात नवल नाही: तिचा पुनर्जन्म त्याच्यासारख्यांच्याच स्मरणशक्तीने अडवून धरला आहे.

काही तक्रारी मात्र या दुहेरी वचनाच्या खात्यात घालता येत नाहीत आणि घालूही नयेत. खोलीत कोणतीही स्त्री आली की ड्रेस्डेनची नजर आधी तिच्या देहावर फिरते आणि मगच तिच्या हातातल्या शस्त्राकडे जाते. ज्या मुलीला त्याने शाळकरी वयापासून पाहिले त्या मॉलीचे वर्णनही ती मोठी झाल्यावर या नजरेतून सुटत नाही. ही निवेदकाची नजर आहे, लेखकाची नव्हे, हा बचाव प्रथमपुरुषी निवेदनात नेहमी हाताशी असतो, आणि २००० मध्ये तो थोडाफार चाललाही. पण कथेतले जग त्या नजरेला सतत दुजोरा देत राहते, जवळपास प्रत्येक महत्त्वाची स्त्री दिपवणारी सुंदरच निघते, तिथे हा बचाव लंगडा पडतो. शिकागोचेही तसेच. मिसूरी राज्यात वाढलेल्या लेखकाने हे शहर बरेचसे कागदावरून उभे केले. ज्या शहराची जवळपास एक तृतीयांश वस्ती कृष्णवर्णीयांची आहे, ते या पुस्तकांतून फिरताना तसे जाणवत नाही. पंचविशीत यातले काहीच न खटकलेला वाचक चाळिशीत तीच पाने उलटताना अवघडतो, आणि त्याचा राग पुस्तकाइतकाच आपल्या जुन्या वाचनावरही असतो.

इतर मालिकांचे अनुभव ताडून पाहिले तर ड्रेस्डेनचा वाचक सुदैवीच म्हणावा लागेल. लॉरेल के. हॅमिल्टन यांच्या अनिता ब्लेक मालिकेची सुरुवात १९९३ मध्ये सेंट लुइस शहरातल्या गुन्हेकथांनी झाली. २००१ मधल्या 'नार्सिसस इन चेन्स'पासून तिचा मोहरा शृंगाराकडे असा वळला की जुना वाचक भलत्याच घरात शिरल्यासारखा गोंधळला, आणि २००६ मध्ये खुद्द लेखिकेने नाराज वाचकांना, आवडत नसेल तर दुसरे काही वाचा, असे जाहीरपणे सुनावले. शार्लेन हॅरिस यांनी २०१३ मध्ये तेराव्या कादंबरीत सूकी स्टॅकहाउसची कथा रीतसर संपवली, तर तिने जोडीदार म्हणून चुकीचा पुरुष निवडला म्हणून वाचक उसळले. म्हणजे बदलले तरी राग, संपवले तरी राग.

मराठी वाचकाला मालिकानायक नवा नाही, पण त्याचा करार वेगळा होता. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांतून झुंजार आणि काळापहाड वावरले ते वय न वाढता, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे शाळकरी पोरच राहिला. नारायण धारपांचे समर्थ प्रत्येक कथेत तितकेच समर्थ असत. तिथे वाचक मोठा होऊन मालिकेतून बाहेर पडे आणि आपली जागा धाकट्या भावंडाला देई, त्यामुळे हिशेब मागायला कुणी उरतच नसे. ड्रेस्डेनचा वाचक बाहेर पडत नाही.

तो किती चिवट असतो याचा एक दाखला ध्वनिपुस्तकांचा आहे. मालिकेचे वाचन जेम्स मार्स्टर्स हे अभिनेते करतात; २०११ मध्ये 'घोस्ट स्टोरी'च्या वेळी मात्र जॉन ग्लोव्हर या तितक्याच कसलेल्या नटाचा आवाज वापरला गेला. त्या कादंबरीत ड्रेस्डेन स्वतःच भूत झालेला आहे, तेव्हा आवाज बदलणे सोयीचे ठरले असते असे एखाद्या समीक्षकाला वाटेल. श्रोत्यांना ते मुळीच पटले नाही, आणि काही वर्षांनी तेच पुस्तक मार्स्टर्सच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित करून काढावे लागले. नायकाचे मरण ज्यांनी पचवले त्यांना त्याचा परका घसा पचला नाही.

'बॅटल ग्राउंड'नंतरच्या कादंबरीचा विषय शोक हाच आहे: उद्ध्वस्त शिकागो, मर्फीविना राहिलेला नायक आणि त्याचे हळूहळू सावरणे. तिचे नाव 'ट्वेल्व्ह मंथ्स', दोन शब्द, सहा-सहा अक्षरे, जुन्या साच्यात चोख बसणारे. तिला प्रकाशनासाठी जानेवारी २०२६ हा महिना मिळाला, म्हणजे नायकाच्या बारा महिन्यांच्या सुतकासाठी वाचकाने या खेपेस पाच वर्षे आणि वर काही महिने मोजले.