भिंतीवरची टिटवी

आमच्या घराच्या दिवाणखान्यात, दारातून आत शिरताच समोर, एका टिटवीचे छायाचित्र लावलेले आहे. चोच उघडी, डोळ्यापुढची तांबडी झालर उन्हात चमकणारी आणि पायांशी मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. सणावाराला येणारे पाहुणे त्या चित्रापुढे हमखास थांबतात आणि म्हणतात, "काय क्षण पकडलात!" हौशी छायाचित्रकाराला याहून गोड वाक्य क्वचितच ऐकायला मिळते. कित्येक वर्षे मी ते निमूटपणे स्वीकारीत आलो. तो क्षण कसा पकडला, हे मात्र कुणाला सांगितले नाही.

१९९६ सालच्या मे महिन्याची गोष्ट. मुलांना सुट्टी लागली होती. एका मित्राने तीनशे मिलिमीटरची लेन्स उसनी दिली होती आणि कॅमेऱ्यात छत्तीस चित्रांचा कोरा रोल होता. वसईच्या मिठागरांकडे पहाटे जायचे ठरवून निघालो, ते पोहोचलो साडेदहाला. (सुट्टीतले बेत असेच असतात.) बांधालगतच्या मोकळ्या जमिनीवर एका टिटवीने आक्रोश मांडला, तेव्हा जवळपास घरटे असणार हे उमगले. टिटवीचे घरटे ते काय? जमिनीतला एक उथळ खळगा आणि भोवती थोडे खडे. मी दहा-बारा पावलांवर बैठक मारली. पक्षी खाली उतरे, दोन पावले चाले, मला पाही, उडून माझ्या डोक्यावर झेप घेई आणि पुन्हा उतरे. मला ते सारे विलक्षण नाट्यमय वाटत होते. मनासारखे चित्र मिळेना, म्हणून मी बसून राहिलो. पाऊण तास तरी गेला असेल.

तेवढ्यात मिठागरात काम करणारे एक वयस्कर गृहस्थ बांधावरून आले. क्षणभर त्यांनी माझ्याकडे आणि टिटवीकडे पाहिले. मग शांतपणे म्हणाले, "भाऊ, आता उठा. तिला बसू द्या. अंडी भाजतायत तिची."

पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठी, एवढेच मी शाळेत शिकलो होतो. उघड्या जमिनीवर, मे महिन्याच्या उन्हात टिटवी बसते ती नेमकी उलट कारणासाठी. ती अंड्यांवर सावली धरते. ऊन फारच चढले तर पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या अंगाने परत येऊन अंडी गार ठेवते. मी ज्याला नाट्य समजत होतो, ती एका आईची अगतिकता होती. आणि तिच्या व तिच्या अंड्यांच्या मध्ये दुसरे कुणी नव्हते, मीच होतो. भिंतीवर लावलेले चित्र त्याच पाऊण तासातले आहे.

आठवड्याने मी पुन्हा तेथे गेलो. खळगा रिकामा होता. टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर लवकरच घरटे सोडून चालू लागतात, त्यामुळे रिकाम्या खळग्याने काहीच सिद्ध होत नाही. मुंगूस किंवा कावळाही येऊन गेला असेल. अंडी उन्हानेच निकामी झाली असतील. काय झाले, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

आपण बंदूक टाकून कॅमेरा हाती घेतला, असे आम्ही छायाचित्रकार अभिमानाने सांगतो. पुढे एकदा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा चाळताना माझा हा अभिमान जरा ओसरला. त्या कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत केवळ मारणे आणि पकडणे एवढेच येत नाही. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे हेही तीत येते. कायदा करणाऱ्यांनी हा शब्द विचारपूर्वकच वापरला असावा. छायाचित्रकाराचा हेतू निर्मळ असेल, पण त्या हेतूने अंड्यांवर सावली पडत नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो खोटा नाही. छायाचित्रांमुळेच माणसे पक्ष्यांवर प्रेम करायला शिकली, जंगले राखली पाहिजेत असे त्यांना वाटू लागले. माझ्याच मुलांना टिटवीची ओळख त्या चित्रामुळे झाली. एका हौशी माणसाच्या पाऊण तासाने असे कितीसे बिघडते? मलाही बरेच दिवस असेच वाटे. पण ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. हे दृश्य सर्वत्र पसरले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पुढच्याच महिन्यात त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत दुष्ट माणसे बसली होती असे मला वाटत नाही. वर्षअखेरची सुट्टी, सोबत मुलेबाळे, आणि घरी नेण्यासाठी एक चांगले चित्र हवे, एवढेच. प्रत्येकाला आपल्यापुरता थोडासाच वेळ हवा होता. त्या गर्दीत मी नव्हतो, हा केवळ योगायोग.

हाव इथेच थांबत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमशी निगडित असलेल्या जगप्रसिद्ध वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेपावणाऱ्या एका लांडग्याचे चित्र पहिले आले. पुढच्या जानेवारीत ते बाद ठरले. तो लांडगा रानातला नसून बहुधा माणसाळवलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. छायाचित्रकाराने तो अमान्य केला. खरे काय, ते त्यालाच ठाऊक. पण चित्रात काय दिसते एवढ्याने परीक्षकांचे समाधान झाले नाही, चित्र कसे मिळाले हेही त्यांनी विचारले, हे मला महत्त्वाचे वाटते. दिवाणखान्यात असे परीक्षक नसतात.

मग चित्रे काढूच नयेत काय? जिम कॉर्बेट यांचे उदाहरण मला आठवते. नरभक्षक वाघ मारणारा हा शिकारी पुढे वाघांचे चलच्चित्रण करू लागला. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बिचकत, म्हणून १९३८ साली त्याने एका लहानशा ओढ्यावर छोटे बांध घातले, ते अशासाठी की पडत्या पाण्याच्या आवाजात कॅमेऱ्याचा आवाज बुडून जावा. वाघाला त्याने हटकले नाही, हाकलले नाही. आपली चाहूल तेवढी पुसून टाकली आणि महिनोन्‌महिने वाट पाहिली. आमच्यापाशी महिने नसतात. रजेचे चार दिवस असतात, आणि परतीचे तिकीट आधीच काढलेले असते. खरी अडचण बहुधा हीच आहे.

मी अजूनही कॅमेरा घेऊन जातो. आता पहाटे निघतो, उन्हे तिरपी असताना बसतो आणि ती चढू लागली की उठतो. पक्षी ओरडू लागला तर मागे सरतो. घरटे दिसले तर झाकण काढतच नाही. अशाने चित्रे कमी मिळतात आणि ती बहुतेक लांबूनच घेतलेली असतात. गेल्या हिवाळ्यात भुईगावच्या किनाऱ्यावर नातवाने काढलेल्या चित्रात दूरवरच्या पाणपक्ष्यांचे चार ठिपके तेवढे दिसतात. ते कोणते पक्षी, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

राहता राहिली ती टिटवी. चित्र काढून टाकावे, असे पत्नीचे ठाम मत आहे. ते लपवले तर मी पुन्हा गप्प राहायला मोकळा, असे मला वाटते. म्हणून ते अद्याप जागेवर आहे. आता कुणी "काय क्षण पकडलात" म्हणाले, की मी त्या पाऊण तासाची हकीकत सांगतो. काही पाहुणे चित्राकडे पुन्हा एकदा पाहतात. काही संकोचून दुसरा विषय काढतात. दोन-तीनदा तर ठेवलेला चहा तसाच गार होऊन गेला.