झोंपेचें सोंग

झोंपलेल्या माणसास जागें करतां येतें, परंतु झोंपेचें सोंग घेतलेल्यास जागें करतां येत नाहीं, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तिचा उपयोग बहुधा दुसऱ्यावर करावयाचा असतो. वर्गांतील आळशी विद्यार्थ्यांना उद्देशून आम्हीं स्वतः ती किती वेळां उच्चारली असेल याची गणती नाहीं. परंतु तिचा शब्दशः अर्थ आम्हांस कळला तो वयाची पन्नाशी उलटल्यावर, आणि तोहि आगगाडीच्या स्लीपरच्या डब्यांत, खालच्या बर्थवर आडवे पडलों असतांना. त्या रात्रीची हकीकत सांगून तिच्यांतून उद्भवणारा एक प्रश्न वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

रात्रीचा रेल्वेप्रवास आतां इतका नित्याचा झाला आहे कीं, त्यांतील नवल आपल्या ध्यानांतच येत नाहीं. आपल्या ओसरीवर कोणी अनोळखी मनुष्य निजावयास आला, तर त्याचें नांव, गांव आणि काम विचारल्यावांचून आपण त्यास चटई देणार नाहीं. आणि दिली तरी आंतली कडी नीट लावूनच निजूं. पण स्लीपरच्या जुन्या बांधणीच्या डब्यांत ७२ आणि नव्या बांधणीच्या डब्यांत ८० माणसें, एकमेकांचीं नांवेंहि ठाऊक नसतां, हातभर अंतरावर निःशंकपणें निजतात. पेटीला सांखळी लावून कुलूप घालतात हें खरें. पण सांखळीनें पेटी जपतां येते, निजलेला देह जपतां येत नाहीं. निजलेला मनुष्य, मग तो श्रीमंत असो कीं दरिद्री, सर्वस्वीं असहाय असतो, आणि ही आपली असहायता आपण परक्यांच्या स्वाधीन करतों. विश्वास या शब्दावर मोठमोठीं व्याख्यानें होतात. परंतु त्याचें सर्वांत साधें रूप पाहावयाचें असेल, तर तें रात्रीं बारा वाजतां आगगाडीच्या डब्यांत पाहावें.

परक्याच्या शेजारीं निजण्याचा हा हक्क कांहीं आपोआप मिळालेला नाहीं. १८९३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत दरबानहून प्रिटोरियास निघालेल्या गांधींजवळ पहिल्या वर्गाचें तिकीट होतें. तरीहि मॅरित्झबर्ग स्टेशनावर, भर थंडीच्या रात्रीं, एका गोऱ्या उतारूस त्यांची संगत खपेना म्हणून त्यांना डब्याबाहेर ढकलण्यांत आलें. आपल्याकडचें उदाहरण याहून दूरचें नाहीं. १९०१ सालीं आपल्या वडिलांना भेटावयास निघालेले बाल भीमराव आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचीं मुलें साताऱ्याहून मसूर स्टेशनावर उतरलीं. प्रथम आस्थेनें चौकशी करणारा स्टेशनमास्तर मुलांची जात कळतांच मागें सरला. बैलगाडीवाला दुप्पट भाडें घेऊन तयार झाला, तोहि मुलांनींच गाडी हांकावी या अटीवर. आणि शिदोरी जवळ असतांना, पाणी मिळेना म्हणून, त्या मुलांना रात्रीं उपाशीं निजावें लागलें. डब्यांत शेजारीं कोण निजला आहे हें न विचारतां आज आपण डोळे मिटतों, त्यामागें एवढा इतिहास आहे.

जें नियमानें देतां येण्यासारखें होतें, तें हळूहळू देण्यांत आलें. ज्या तिसऱ्या वर्गाच्या हालांविषयीं गांधींनीं १९१७ सालीं कळकळीनें लिहिलें, तो वर्ग १९७४ सालीं नाहींसा झाला. पुढें १९७७ ते १९७९ या काळांत प्राध्यापक मधु दंडवते रेल्वेमंत्री असतां, दुसऱ्या वर्गाच्या लांकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी बसविण्यास आरंभ झाला. दंडवते हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत असत. आमच्या व्यवसायबंधूंपैकीं एकानें असंख्य लोकांच्या पाठीवर केलेले हे उपकार आम्हांस नेहमीं अभिमानाचे वाटत आले आहेत. मधला बर्थ केव्हां लावावा याविषयींचे तंटे मिटावे म्हणून २०१७ सालच्या परिपत्रकानें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंतचा काळ निजण्याचा ठरविला. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठीं खालचे कांहीं बर्थ राखून ठेवण्याचीहि तरतूद आहे. परंतु कोटा भरला, तिकीट उशिरा काढलें, कीं सत्तरीच्या बाईच्या वांट्यास वरचा बर्थ येतो, आणि मग नियमाचें काम संपून माणसाचें काम सुरू होतें. आमची हकीकत येथूनच सुरू होते.

गेल्या पौषांतील ही गोष्ट. परीक्षेसंबंधींच्या एका सभेसाठीं आम्ही मुंबईहून नागपुरास निघालों होतों. आमची पाठ कांहीं वर्षें दुखते, म्हणून दोन महिने अगोदर तिकीट काढून खालचा बर्थ मिळविला होता. दहाच्या सुमारास मधले बर्थ लावले गेले तसे आम्ही पांघरूण घेऊन आडवे झालों. समोरच्या खालच्या बर्थवर आमच्याच वयाचे एक सुशिक्षित दिसणारे गृहस्थ होते. त्यांनींहि तसेंच केलें. साडेदहा उलटून गेल्यावर नाशिकरोड आलें. काठीचा ठक् ठक् आवाज जवळ आला, आणि मोबाइलच्या उजेडांत आकडे शोधीत एक सत्तरीपलीकडची बाई व तिचा पंधरा-सोळा वर्षांचा नातू आमच्या कप्प्यापाशीं येऊन उभे राहिले. त्यांचा एक बर्थ मधला होता, एक वरचा. आजीबाईंनीं मधल्या बर्थकडे पाहिलें, एक हात गुडघ्यावर ठेवला, आणि त्या उभ्याच राहिल्या.

"आजी, ह्या काकांना विचारूं का खालच्या जागेचं?"

"नको रे. गाढ झोंपलेत ते. दिवसभराचे दमले असतील."

"मग ते समोरचे?"

"तेहि झोंपलेत. कुणाची झोंपमोड करूं नये, बाळा. मी खालींच टाकते अंग. चार वाजतां तर उतरायचंय."

आम्ही झोंपलों नव्हतों. काठीचा आवाज कानीं पडतांच पुढें काय होणार हें ओळखून आम्हीं डोळे मिटले होते; आणि नातवाचा प्रश्न आमच्या दिशेनें येऊं लागला, तेव्हां श्वासहि थोडा दीर्घ केला. हा तपशील आम्ही मुद्दाम लिहीत आहों. डोळे मिटणें हा आळस म्हणतां येईल. श्वास दीर्घ करणें ही मात्र कारागिरी होय.

दोन बर्थांच्या मधल्या अरुंद जागेंत सतरंजी अंथरून आजीबाई निजल्या. आम्हांस झोंप आली नाहीं. सोंगाची शिक्षा सोंगांतच असते: ज्यास खरोखर निजावयाचें आहे तो कूस बदलूं शकतो, खोकूं शकतो, पाणी पिऊं शकतो, सोंग घेणाऱ्यास यांतलें कांहींच करतां येत नाहीं. भुसावळास चहावाला ओरडत डब्यांत शिरला, तेव्हां खालून दबका आवाज आला, "हळू रे बाबा, माणसं झोंपलीत." तें ऐकून आम्हीं न राहवून डोळे किलकिले केले. निळ्या दिव्याच्या मंद उजेडांत समोरच्या गृहस्थांचे डोळेहि उघडेच होते. दृष्टादृष्ट झाली. क्षणभर दोघांपैकीं कोणीहि हललें नाहीं. आणि मग, जणूं ठरल्याप्रमाणें, आम्हां दोघांचेहि डोळे एकदमच मिटले.

आतां प्रश्न असा कीं, या प्रसंगीं आमच्या हातून अपराध घडला असेल, तर तो कोणता? सकृद्दर्शनीं कोणीहि म्हणेल कीं, बर्थ दिला नाहीं हा. पण हें उत्तर आम्हांस बरोबर वाटत नाहीं, आणि तें केवळ स्वतःच्या बचावासाठीं नव्हे. बर्थ आमचा होता. त्यासाठीं आम्हीं वेळेवर पैसे भरले होते. आणि दुखणारी पाठ हें कांहीं निमित्त नव्हतें. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें कर्तव्यांचे दोन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गांतील कर्तव्यांना सवलत नाहीं. तीं पाळलींच पाहिजेत. दुसऱ्या वर्गांत परोपकारासारखीं कर्तव्यें येतात. त्यांत केव्हां, कोणास आणि किती द्यावें हें ठरविण्याची कर्त्यास कांहीं मोकळीक असते. बर्थ देणें हें या दुसऱ्या वर्गांतील आहे. "आजी, माझी पाठ दुखते, क्षमा करा," असें आम्ही उठून म्हटलें असतें, तर कोणी आम्हांस उदार म्हटलें नसतें, पण अपराधीहि म्हटलें नसतें. परंतु दुसऱ्यास फसवूं नये हें कर्तव्य पहिल्या वर्गांतील आहे. आणि आम्हीं मोडलें तें हें.

कोणी म्हणेल, आपण तर एक शब्दहि बोललां नाहीं. मग असत्य कोठें आलें? असत्याला जीभ लागतेच असें नाहीं. धर्मराजानें अश्वत्थाम्याविषयीं अर्धें सत्य उच्चारलें, तर भूमीवरून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ खालीं टेकला, असें महाभारत सांगतें. धर्मराज निदान बोलला तरी होता, आणि त्याच्यापुढें युद्ध होतें. आमच्यापुढें पांच-साडेपांच तासांची गैरसोय होती, आणि आम्हीं शब्दाची जोखीमहि पत्करली नाहीं.

परंतु असत्य एवढ्यानेंच या प्रकाराचें पूर्ण वर्णन होत नाहीं. नकार देणारा मनुष्य निदान समोरच्यास उत्तर देतो. उत्तर मिळालें म्हणजे तो दुसऱ्याकडे जाऊं शकतो, रागावूं शकतो, किंवा समजून घेऊं शकतो. झोंपेचें सोंग घेणारा त्याचा विचारण्याचाच हक्क काढून घेतो. त्याहून वाईट म्हणजे, तो समोरच्याच्या चांगुलपणाचाच कुलुपासारखा उपयोग करतो. आमची झोंप मोडूं नये म्हणून आजीबाई जमिनीवर निजल्या. आम्ही जागे आहों हें त्यांना कळलें असतें, तर त्यांनीं बहुधा विचारलें असतें. म्हणजे जो विश्वास ठेवून ७२ माणसें एका डब्यांत निजतात, त्याच विश्वासाचा आम्हीं त्या बाईंविरुद्ध उपयोग करून घेतला.

येथें एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगितली पाहिजे. सर्वच सोंगें सारखीं नसतात. एकटी प्रवास करणारी तरुण मुलगी परक्यांच्या नजरा आणि चौकशा टाळण्यासाठीं डोळे मिटून पडते, तें सोंग नव्हे, तें कवाड आहे. बर्थ बदलून देण्याचा आग्रहहि पुष्कळदां अशा मुलींनाच होतो, आणि "एवढ्याशा गोष्टीला काय?" म्हणून त्यांना भीड घालण्यांत येते. ज्याला नकार दिल्यास भय आहे, त्यानें डोळ्यांआड आश्रय घेतला तर त्यास दोष देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. म्हणून प्रश्न विचारावयाचा तो असा: आपण सोंग घेतों तें भयामुळें, कीं केवळ अडचण नको म्हणून? आम्हांस कसलेंहि भय नव्हतें.

समोरच्या गृहस्थांच्या उघड्या डोळ्यांनीं आम्हांस आणखी एक गोष्ट शिकविली. ते जागे असते तर आम्हीं उठावें असें कदाचित् आम्हांस वाटलें असतें, आणि आम्ही जागे असतों तर त्यांनाहि. पण दोघांनींहि एकमेकांस निजलेले मानलें, आणि त्या समजुतीच्या आडोशास दोघेहि सुखी राहिले. आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाची पुष्कळशी शांतता याच जातीची असावी अशी आम्हांस शंका येते. शेजारच्या घरांतील मारहाणीचा आवाज, कामवाल्या बाईचा तापलेला देह, सभेंत एखाद्याचा होणारा अपमान, हें सर्व आपणांस ऐकूं येतें; आपण फक्त श्वास थोडा दीर्घ करतों.

पहांटे चारच्या सुमारास शेगांव आलें. आजीबाई काठीच्या आधारानें उठूं लागल्या, तेव्हां आम्ही लगबगीनें उठून बसलों आणि जांभई दिली. हें दुसरें सोंग. त्यांची पिशवी आम्हीं दारापर्यंत नेऊन दिली. "उगीच तुमची झोंपमोड झाली," असें म्हणून त्या नातवाचा हात धरून उतरल्या. समोरचे गृहस्थ नागपुरापर्यंत आमच्याशीं एक शब्दहि बोलले नाहींत, आणि आम्हीहि त्यांच्याशीं बोललों नाहीं.

त्यानंतर आम्हीं रात्रीचा प्रवास तीन वेळां केला. एकदां खालचा बर्थ एका वृद्ध गृहस्थांस दिला. एकदां पाठ फारच दुखत होती म्हणून स्पष्ट नाहीं म्हटलें, आणि तो मनुष्य थोडा नाराज होऊन पुढच्या कप्प्यांत विचारावयास गेला. तिसऱ्या वेळीं कोणीं विचारलेंच नाहीं. तिन्ही रात्रीं आम्हांस झोंप बरी लागली. आपण उदार झालों असा आमचा दावा नाहीं. आम्हीं एवढाच नियम केला आहे कीं, कप्प्यांतले सर्व उतारू आपापल्या जागीं जाईपर्यंत डोळे मिटावयाचे नाहींत.